रेघेखालची अकरा

जुन्या मुख्याध्यापक बाईंची बदली झाली त्या दिवशी मावशीनं त्यांचं कपाट रिकामं केलं. कपाटात कागद कमी आणि भलतंसलतंच जास्त निघालं. दोन जोड लहान मुलांच्या चपला, एक कंगवा, सुईदोरा, तापाच्या गोळ्या, कुणाचा तरी तुटका चष्मा. बाई म्हणाल्या, "राहू दे हे इथंच. येणाऱ्याला लागेल." मावशीनं सगळं पुन्हा आत ठेवलं आणि कपाट फडक्यानं पुसून घेतलं.

शाळा खाणीच्या अलीकडे, डांबरी रस्ता संपतो तिथं होती. खोल्यांच्या दोन रांगा, मधे अंगण, मागे पत्र्याची शेड. निम्मी मुलं खाणकामगारांची. खाणीत सुरुंग उडाला की शिकवणारा क्षणभर थांबायचा, खिडक्यांची तावदानं गप्प झाली की पुढचं वाक्य घ्यायचा. मावशी तिथं नऊ वर्षं शिपाई होती. तात्पुरती लागली होती ती तात्पुरतीच राहिली. हजेरीच्या कागदावर तिचं नाव होतं, पण ते कुणी उच्चारत नसे. आधी मुलं मावशी म्हणायची, मग शिक्षक म्हणायला लागले, आणि तिची स्वतःची थोरली लेकसुद्धा शाळेच्या आवारात तिला मावशीच म्हणायची. घरी गेल्यावर आई.

या थोरलीचं एक दुखणं होतं. तिला अक्षरं धड दिसत नसत. डोळे चांगले होते, सुई ओवायला आई तिलाच बसवायची. पण पुस्तकातल्या ओळीवर नजर गेली की अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढायची. एक ओळ वाचायला तिला इतरांच्या पानाएवढा वेळ लागायचा. पाचवीपर्यंत सगळे तिला मठ्ठ म्हणत होते, तीही स्वतःला म्हणत होती. बाईंच्या हे लक्षात आलं, कारण बाईंना मागच्या बाकावर जाऊन बसायची सवय होती. कुठल्याही वर्गात, कुठल्याही तासाला जायच्या, मुलांत बसायच्या, शिकवणाऱ्याला म्हणायच्या, "चालू द्या." एकदा थोरलीशेजारी बसल्या आणि गणित तिच्या कानात वाचून दाखवलं. पोरीनं वहीला हात न लावता उत्तर सांगितलं.

तेव्हापासून बाईंचं सगळ्यांना एकच सांगणं. "हिला वाचून दाखवा. बाकी ती करते." शिक्षकांनी कुरकुर केली, पण स्वतः बाई रोज दुपारच्या सुट्टीत तिला इतिहासाचं पान वाचून दाखवत बसलेल्या दिसायच्या, मग नाही कोण म्हणणार. गणिताचे मास्तर तर शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबायचे. त्यांच्याभोवती आठ-दहा पोरं बसायची. थोरली नववी पास झाली तेव्हा मास्तरांनी मावशीला म्हटलं, "हिचं डोकं माझ्यापेक्षा पुढं पळतं, मावशी. मला धाप लागते."

दहावीला दर वर्षी चाळिसातली तिशेक पोरं पास व्हायची. उरलेली पुन्हा बसायची, बाई त्यांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा बसवायच्या. वरच्या ऑफिसला हे 'पुन्हा' समजत नव्हतं. त्या वर्षी पत्र आलं की निकाल असाच राहिला तर शाळा बंद करून मुलं गावातल्या मोठ्या शाळेत हलवावीत. गाव अकरा किलोमीटर लांब. पत्रामागोमाग बाईंच्या बदलीचा हुकूम आला.

त्यांच्या जागी आलेले नवे सर माणूस म्हणून वाईट नव्हते. मावशीनं हे पुढं अनेकदा स्वतःशी घोळवलं आणि प्रत्येक वेळी ती इथंच येऊन थांबली. ते वेळेवर यायचे, कुणावर ओरडायचे नाहीत, घरून आणलेला डबा स्वतः धुवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी कपाट रिकामं करायला सांगितलं.

"या चपला कुणाच्या?"

"कुणाच्याच नाहीत, सर. ज्याला नसतील त्याच्या."

"मग त्या शाळेच्या यादीत कशा नाहीत?"

 मावशीनं चपला पोत्यात घातल्या.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांची सभा झाली. मावशी चहा देत फिरत होती, त्यामुळं तिनं सगळं ऐकलं. सर म्हणाले, "शाळा वाचवायला मला एक वर्ष दिलंय. मला कारणं नकोत, आकडे हवेत. दर आठवड्याला चाचणी. दर सोमवारी यादी."

गणिताचे मास्तर म्हणाले, "सर, काही मुलांना जरा वेगळं..."

"परीक्षेच्या खोलीत त्यांना वेगळं मिळणार आहे का?"

मास्तरांनी चहा घेतला. सरांचं बोलणं खोटं नव्हतं, आणि हीच पंचाईत होती.

महिन्याभरात शाळेचा चेहरा बदलला. अंगण स्वच्छ झालं, कुंड्या आल्या, घंटा मिनिटावर वाजायला लागली. शिक्षक शाळा सुटल्यावरही थांबायचे, पण आता तक्ते भरायला. कुठला वर्ग किती पुढं गेला, किती मुलं किती गुणांवर, मागच्या आठवड्यापेक्षा किती वर, किती खाली. मास्तरांभोवती पोरं बसायची ती जागा रिकामी पडली. एक-दोघं पहिले काही दिवस वही घेऊन दारात उभी राहिली. मास्तर तक्त्यातून मान वर न काढता म्हणायचे, "उद्या." पोरांना उद्या म्हणजे काय ते लवकर कळतं.

दर सोमवारी सकाळी सर मावशीच्या हातात दहावीची यादी द्यायचे. पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत नावं, आणि खाली, नापासांची नावं सुरू होतात तिथं, लाल रेघ. ही यादी फाटकाशेजारच्या भिंतीवर चिकटवायची. मावशी घरून वाटीत पिठाची खळ करून आणायची, बोटांनी भिंतीवर पसरायची आणि कागद वरून खाली हातानं दाबत न्यायची. चौथीपर्यंत शिकलेली होती, नावं वाचता यायची. हात लाल रेघेखाली आला की तिच्या तळव्याखाली लेकीचं नाव यायचं. कागदाला सुरकुती राहू नये म्हणून ते दाबायलाच लागायचं.

थोरलीनं पहिल्या सोमवारी यादी पाहिली. दुसऱ्या सोमवारपासून ती फाटकातून मान उलट्या बाजूला करून आत येऊ लागली.

रेघेखाली अकरा पोरं होती. दिवाळीचा, सुगीचा, कशाचा म्हणून त्या वर्षात फरक पडला नाही. सोमवार आला की अकरा. कधी बारावं कुणी खाली यायचं आणि पुढच्या आठवड्यात धडपडत वर जायचं. सरांनी शिक्षकांना सांगितलं की एकोणतीस पोरं हातची आहेत, ती घट्ट धरा. अकरांना मागच्या शेडमध्ये बसवलं. तिथं फळा होता, शिकवणारा नव्हता. ज्याचा तास मोकळा असेल त्यानं जायचं असं ठरलं होतं, पण तक्ते आल्यापासून कुणाचा तास मोकळा नसायचा. पत्रा तापायचा, पोरं भिंतीला पाठ लावून बसायची. मग कुणी बाक हलवायला बोलवायचं, कुणी कुंड्यांना पाणी घालायला. मावशी झाडून यायची तेव्हा थोरली बाकीच्यांना गणितं घालत असायची. कुणीतरी अडखळत गणित वाचायचं, ही सोडवायची. पण वाचणाराही रेघेखालचाच होता. तो 'वजाबाकी'ला 'बेरीज' वाचायचा आणि ती बेरीज करून बसायची.

सहामाहीत ती चार विषयांत गेली. त्यातलं एक गणित.

मावशीनं मास्तरांना व्हरांड्यात गाठलं. मास्तर पन्नाशीचे, मऊ बोलणारे, नाकावरून चष्मा सारखा वर ढकलणारे.

"गणितात कशी गेली हो?"

"तिनं सोडवलेली सगळी बरोबर आहेत, मावशी. पण सोडवली चारच. बाकीची वाचूनच झाली नाहीत तिची." त्यांनी आवाज खाली आणला. "मी सरांना विचारलं होतं, तासाला थोडं वाचून दाखवतो म्हणून. ते म्हणाले, एका मुलीसाठी एकोणतिसांचा वेळ घालवणार का."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

मास्तरांनी चष्मा वर ढकलला. "मी काय म्हणणार?"

त्या संध्याकाळपासून मावशीनं स्वतः लेकीला वाचून दाखवायचं ठरवलं. घर म्हणजे एक खोली आणि पुढं पडवी. पडवीत तिचा नवरा बसलेला असायचा. बावीस वर्षं त्यानं खाणीत दगड फोडला होता. आता दगडाची धूळ छातीत बसली होती आणि आडवं झालं की श्वास अडायचा, म्हणून उशा पाठीशी घेऊन बसूनच असायचा. खाणीच्या मुकादमानं त्याला पहारेकऱ्याचं काम दिलं होतं. ते चालत जाऊन करण्याइतका दम होता तोपर्यंत त्यानं केलं. धाकटी लेक तिसरीत होती. ती बापाच्या पायाशी बसून खडे मांडायची.

चूल आवरली की मावशी इतिहासाचं पुस्तक मांडीवर घ्यायची. बोट ओळीखाली ठेवायची आणि वाचायला लागायची. 'राज्य' यायचं, 'युद्ध' यायचं. 'औद्योगिकीकरण' आलं की बोट अडायचं. "औ... औद्यो..." थोरली डोळे मिटून ऐकत बसायची. बाईंनी तिला तशी सवय लावली होती.

"आई, मागचं विसरले मी."

"थांब, पुन्हा पहिल्यापासून घेते."

पडवीतून नवरा म्हणायचा, "आंधळ्यानं आंधळ्याचा हात धरलाय." तो चिडून म्हणत नसे. हसायला जायचा आणि खोकल्यात बुडायचा, मग थोरली उठून त्याची पाठ चोळायची आणि पान तिथंच राहायचं. वीस दिवसांत दोन धडे झाले. पुस्तकात चौदा होते.

परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा सरांनी मावशीला ऑफिसात बोलावलं. "बसा," म्हणाले. नऊ वर्षांत त्या खुर्च्या तिनं रोज पुसल्या होत्या, बसली कधी नव्हती. ती काठावर टेकली.

सरांनी अकरा छापील कागद पुढं ठेवले. 'मी माझ्या पाल्याला स्वखुशीने शाळेतून काढत आहे. परीक्षेला बाहेरून बसवण्याची जबाबदारी माझी राहील.' खाली सहीची जागा.

"हे त्यांच्या घरी पोचवायचे आणि सह्या आणायच्या. शिक्षक गेले की लोक वाद घालतात. तुमचं ऐकतील."

मावशीनं कागद मोजले नाहीत. अकरा म्हटल्यावर तिला कळलं होतं.

"सर, माझी पोर..."

"मला माहीत आहे. म्हणून तर बसायला सांगितलं." सरांनी पेन बंद केलं. "मावशी, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. ही अकरा बसली तर निकाल सत्तर टक्क्यांवर जातो, आणि शाळेला टाळं लागतं. नाही बसली तर शंभर होतो. साडेतीनशे मुलं आहेत इथं. तुमची धाकटी तिसरीत आहे ना? शाळा गेली तर तिला रोज अकरा किलोमीटर कोण नेणार? तुमच्या वस्तीतल्या किती मुली जातील?"

"पण थोरली पास झाली असती, सर. कुणी वाचून दाखवलं असतं तर."

"असेलही," सर म्हणाले. "आणि बाहेरून बसून होऊ नये असं थोडंच आहे. अर्ज मी स्वतः भरून देतो." मग त्यांनी टेबलावरचा दुसरा कागद जरा सरळ केला. तात्पुरत्या नोकरांना पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, तो कागद तो. त्याच्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मावशीला तो वाचता आला.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती कागद घेऊन वस्तीत निघाली. दहा घरं. कुणाच्या दारात बाप्या माणूस पाय धूत होता, कुठं बाई लाकडं फोडत होती. कुणी वाद घातला नाही. मावशी आली आहे म्हटल्यावर लोकांनी आधी बसायला फळी पुढं केली, मग कागद घेतला. एका म्हातारीनं विचारलं, "यानं नातवाचं वाईट तर नाही ना होत?" मावशी म्हणाली, "बाहेरून बसता येतं." सातव्या घरी रेघेखालच्या एका पोरीचा बाप होता, खाणीत ट्रॅक्टर चालवणारा. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला.

"तुझ्या पोरीचं काय, वहिनी?"

"तिचाही आहे यात."

"मग झालं." त्यानं पेन मागितलं. "तू तुझ्या लेकराचं वाईट करणार नाहीस."

तिथून पुढच्या तीन घरी मावशीनं विचारायची वाट पाहिली नाही. स्वतःच सांगत गेली, "माझ्याही पोरीचा आहे." तेवढ्यानं सह्या मिळत होत्या.

घरी आली तेव्हा ऊन पडवीच्या खांबापर्यंत उतरलं होतं. नवऱ्यासमोर कागद धरला. त्यानं विचारलं, "नाही म्हटलं तर?" तिनं सरांच्या टेबलावरच्या दुसऱ्या कागदाचं सांगितलं. त्यानं कागद तिच्याकडं परत सारला. मग म्हणाला, "तूच कर सही. माझा हात कापतो." त्याचा हात कापत नव्हता.

उंबऱ्यावर कागद ठेवून तिनं सही केली. थोरली घागर घेऊन आली आणि दारातच थांबली.

"कसली सही?"

मावशीनं सांगितलं. लपवून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"वाचून केलीस?"

"वाचून केली."

थोरलीनं घागर खाली ठेवली. पाणी थोडं सांडलं, ते तिनं पायानं उंबऱ्याबाहेर सारलं. "मला वाचता आलं असतं तर मी पण कागद वाचला असता," ती म्हणाली आणि धाकटीची वेणी घालायला बसली.

सोमवारपासून ती खाणीवर जाऊ लागली. फुटलेल्या दगडातून बारीक खडी वेगळी करायची, टोपलीत भरायची, ट्रॅक्टरपर्यंत न्यायची. पहिल्या आठवड्यात बोटांची टोकं सोलली. मावशीनं चिंध्या बांधल्या. परीक्षेचा अर्ज सरांनी खरंच भरून दिला, शब्दाला जागले. गावातलं केंद्र मिळालं. खडीच्या ट्रॅक्टरवर बसून ती सहा दिवस जाऊन आली. पेपर कसा गेला म्हणून घरात कुणी विचारलं नाही. एकदा तिनंच सांगितलं, "इतिहासाच्या पेपराला पहाऱ्यावर कुणी बाई होत्या, म्हणाल्या, वेळ संपला. मी म्हटलं, माझा अजून दुसराच प्रश्न चाललाय."

निकाल लागला. शाळा शंभर टक्के. असं त्या भागात कधी झालं नव्हतं. आठवड्याभरात समारंभ ठरला. मावशीनं अंगणात पाणी मारलं, खुर्च्या मांडल्या, टेबलावर धुतलेली चादर घातली. वरच्या ऑफिसचे साहेब आले. ते म्हणाले, "एक माणूस ठरवतो तेव्हा शाळा कशी बदलते, हे इथं येऊन पाहा." पुढच्या महिन्यात इतर शाळांचे मुख्याध्यापक शाळा पाहायला येणार असंही त्यांनी सांगितलं. सरांनी हात जोडले. "मी काही केलं नाही. फक्त शिस्त लावली." ते हे मनापासून बोलले. एकोणतीस पोरं पुढच्या रांगेत बसली होती, एकेकाला वह्या दिल्या. टाळ्या झाल्या तेव्हा मावशीच्या हातात पेल्यांचा ट्रे होता.

गणिताचे मास्तर समारंभ संपायच्या आधीच उठले. ते खाणीवर गेले. धुळीत बूट पांढरे करत, रुमाल नाकाशी धरून ते खडीच्या ढिगापाशी आले आणि थोरलीला त्यांनी खिशातला तिच्या निकालाचा कागद दिला. तिनं तो घेतला नाही, हात दाखवले. मग त्यांनीच वाचून दाखवला. भाषा नापास. इतिहास नापास. विज्ञान कसंबसं पास. गणितात त्र्याहत्तर.

"माझ्या वर्गात तुझ्यापेक्षा जास्त फक्त दोघांना आहेत," मास्तर म्हणाले. "तेही वर्षभर कुणी न शिकवता. या वेळी पेपरात शब्द कमी, आकडे जास्त होते."

थोरली टोपलीकडं बघत होती.

"दोनच विषय राहिलेत. पुन्हा बस. मी वाचून दाखवतो. रविवारी घरी येत जाईन."

"सरांना चालेल?"

मास्तरांनी चष्मा वर ढकलला. काचा धुळीनं भरल्या होत्या. "त्यांना सांगायचं कशाला," ते म्हणाले. ट्रॅक्टरवाल्यानं हाक मारली. थोरलीनं टोपली डोक्यावर घेतली आणि मास्तर बाजूला झाले. ते दोन रविवार आले. तिसऱ्या रविवारी शाळेत तक्त्यांचं काम निघालं, पाहुणे मुख्याध्यापक येणार होते म्हणून. त्यानंतर व्हरांड्यात मावशी समोरून आली की ते वर्गात शिरायचे.

नवं वर्ष सुरू झालं. धाकटी चौथीत गेली. पावसाळा संपत आला तेव्हा चौथीच्या वर्गशिक्षिका, नवीनच लागलेली पोरसवदा बाई, मावशीला नळापाशी भेटली. आजूबाजूला पाहून तिनं पिशवीतून एक वही काढली. धाकटीची होती. 'कमळ'चं 'मकळ' झालं होतं, एका ओळीत तीनदा. खालची ओळ अर्ध्यात सोडून दिली होती.

"तोंडी विचारलं की सगळं सांगते ती," बाई म्हणाली. "मी अजून तक्त्यात लिहिलं नाही काही. लिहिलं की सरांपर्यंत जाणार, मग मलाच विचारतील." तिनं वही मावशीच्या हातात कोंबली. "घरी करून घ्या काहीतरी. आणि मी बोलले म्हणून सांगू नका."

संध्याकाळी मावशीनं धाकटीला समोर बसवलं. पडवीत नवरा डोळे मिटून होता. थोरली खाणीवरून येऊन कोपऱ्यात हातपाय धूत होती, केसांतली धूळ पाण्यात पांढरी उतरत होती. मावशीनं वही उघडली, 'क'वर बोट ठेवलं, 'म'वर ठेवलं. धाकटी मान हलवत राहिली. दहा वेळा करून झालं. अकराव्या वेळी पुन्हा 'मकळ' आलं.

मावशीनं वही मिटली.

"ऐक," ती म्हणाली. "पहिल्या बाकावर बसायचं नाही. शेवटच्यावर पण नाही. मधे बसायचं. वाचायला उठवलं तर म्हणायचं, घसा दुखतो. लिहायचं असलं तर शेजारणीचं बघून लिहायचं, हळूच."

"आणि येत असलं तर? तोंडी येत असलं तर सांगू?"

मावशीनं कोपऱ्याकडं पाहिलं. थोरलीचे हात पाण्यात थांबले होते.

"नको," मावशी म्हणाली. "येत असलं तरी हात वर करायचा नाही."